घरच्या सर्व्हरवर अपडेट करण्यापूर्वी

घरी सर्व्हर चालवू लागलेल्या नव्या मंडळींकडून मला बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते: रात्री अपडेट केले आणि तेव्हापासून डेटाबेसचा कंटेनर (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवणारा डबा) सुरू होतो, बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. अशा वेळी इंटरनेटवर सापडेल ती कमांड चालवून पाहण्याचा मोह टाळून आधी लॉग (प्रोग्रामच्या कामाची नोंदवही) उघडावा आणि त्यातही शेवटची ओळ नव्हे, तर कंटेनर सुरू झाल्यानंतरची पहिली त्रुटी वाचावी, कारण पुढच्या बऱ्याच ओळी ही तिचीच पिलावळ असते.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बाबतीत ती त्रुटी अनेकदा असे सांगते की, डेटा डिरेक्टरी आवृत्ती १५ ने तयार केलेली असून ती आवृत्ती १६ शी जुळत नाही. याचे मूळ कम्पोज फाइलमध्ये, म्हणजे कोणते कंटेनर कसे चालवायचे ते डॉकर या सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या फाइलमध्ये असते. तिथे इमेजच्या (ज्यातून कंटेनर तयार होतो त्या साच्याच्या) नावापुढे आवृत्तीचा आकडा, म्हणजे टॅग, नसला की डॉकर 'लेटेस्ट', म्हणजे ताजी आवृत्ती, गृहीत धरतो. १६.३ वरून १६.४ वर जाताना डेटा जसाच्या तसा चालतो, पण मोठी आवृत्ती बदलली की तो रीतसर हलवावा लागतो. दिलासा एवढाच की, नव्या आवृत्तीने जुन्या डेटाला हातही लावलेला नसतो. टॅग पुन्हा १५ केला की डेटाबेस सुरू होतो. नुकसान होते ते घाबरून व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा ठेवलेली जागा) पुसणाऱ्याचे. फायली-फोटो साठवणारे नेक्स्टक्लाउड मात्र एकदा पुढे गेले की मागे येत नाही आणि मधली मोठी आवृत्ती गाळूही देत नाही, म्हणजे २८ वरून ३० वर जायचे तर वाटेत २९ चा मुक्काम करावाच लागतो.

म्हणून पोस्टग्रेसची जुनी आवृत्ती चालू असतानाच पीजी-डम्प या तिच्याच साधनाने डंप (डेटाची बाहेर काढलेली प्रत) काढावा, नवी आवृत्ती रिकाम्या व्हॉल्यूमवर उभी करून तो तिच्यात भरावा आणि जुना व्हॉल्यूम काही आठवडे तसाच राहू द्यावा. चालू डेटाबेसचे फोल्डर नुसते कॉपी करणे म्हणजे बॅकअप नव्हे. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणे, हेही नव्हे.

अपडेटमुळे बॅकअपच मुकाट्याने बंद पडू शकतो, याचे उदाहरण गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेने स्वतःच जाहीर केले आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथे मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा लक्षात आले की सर्व्हर ९.६ वर असताना पीजी-डम्प ९.२ चे चालत होते आणि आपल्याहून नव्या सर्व्हरचा डंप काढण्यास ते नकार देत होते. त्या अपयशाची सूचना देणारे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) योगायोगाने हाताशी होता, म्हणून तेवढ्यावर निभावले.

एवढ्या मोठ्या ठिकाणी हे घडते, तर घरच्या सर्व्हरवर 'बॅकअप यशस्वी' या संदेशावर विसंबण्यात अर्थ नाही. रेस्टिक हे बॅकअपचे साधन वापरत असाल तर साधी 'चेक' कमांड मुख्यतः भांडाराची, म्हणजे बॅकअप साठतो त्या जागेची, रचना तपासते. प्रत्यक्ष डेटा वाचून पाहण्यासाठी तिला 'रीड-डेटा' हा पर्याय द्यावा लागतो. त्याहून खरी परीक्षा म्हणजे एखाद्या जुन्या लॅपटॉपवर सारे रिस्टोअर करून लॉगिन करणे आणि दोन-चार जुने फोटो उघडून पाहणे. हे करताना भांडाराचा पासवर्ड केवळ त्या सर्व्हरवरच जपलेला आहे, असेही कित्येकांच्या ध्यानात येते. तो कागदावर लिहून दुसऱ्या घरी ठेवावा, कारण त्याच्याशिवाय रेस्टिकचा बॅकअप कोणालाही उघडता येत नाही.