खर्च कमी असतानाच्या कमाईचे नियोजन

घरभाडे नाही, कर्जाचा हप्ता नाही आणि कोणी आपल्यावर अवलंबून नाही, अशी नोकरीची पहिली वर्षे फार काळ टिकत नाहीत. म्हणून आज जो खर्च दुसरे कोणी उचलत आहे तो आधी कागदावर मांडावा. स्वतंत्र राहिल्यास भाडे, जेवण आणि विजेला किती लागेल याचा अंदाज करून तेवढी रक्कम पगार जमा होताच वेगळ्या खात्यात आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. महिनाअखेर उरेल ते गुंतवू म्हणणाऱ्याकडे सहसा काही उरत नाही. शिवाय पुढे खरोखरच भाडे भरण्याची वेळ आली, तर राहणीमान खाली आणावे लागत नाही.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असल्यास ती सर्वांत आधी फेडावी, कारण तिच्यावर वाचणाऱ्या व्याजाइतका खात्रीचा परतावा कोणतीही गुंतवणूक देत नाही. त्यानंतर सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी बँकेत ठेवावा. मात्र हे सहा महिने आजच्या नव्हे, कागदावरच्या खर्चाने मोजावेत. आरोग्य विमा हवाच. आयुर्विम्याची घाई नको, आणि विमा व गुंतवणूक एकत्र विकणाऱ्या योजनांपासून तर दूरच राहावे. निवृत्ती निधीत आपल्याइतकीच भर मालक घालत असेल, तर ती संधी सोडू नये.

उरलेल्या पैशांपैकी पाच वर्षांच्या आत लागणारी रक्कम मुदत ठेवीत ठेवावी. त्यापुढची रक्कम व्यापक निर्देशांकाचा (बाजारातील अनेक कंपन्यांच्या शेअरभावांचे एकत्रित माप) मागोवा घेणाऱ्या, म्हणजे त्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या, कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात दरमहा घालणे, हा माझ्या मते नवख्यासाठी सर्वांत सरळ मार्ग आहे. अमेरिकेतील व्हॅनगार्ड या फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी 1976 मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा पहिला फंड आणला, तेव्हा त्याची थट्टाच झाली होती. बोगल यांचा भर खर्चावर होता आणि तो का, हे आकड्यांतून दिसते: 40 वर्षे 7 टक्के चक्रवाढीने वाढणारी रक्कम सुमारे 15 पट होते, पण दरवर्षी 1 टक्का शुल्कात गेला तर ती जेमतेम 10.3 पट होते. एका टक्क्याने जवळजवळ एक तृतीयांश रक्कम खाल्ली! फंड निवडताना गेल्या वर्षीच्या परताव्याआधी वार्षिक शुल्क पाहावे ते याचसाठी.

बाजार पडणार हे मात्र गृहीत धरावे. ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात अमेरिकेतील सुमारे 500 मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी 500 निर्देशांक निम्म्याहून अधिक कोसळला आणि जुनी पातळी त्याने 2013 मध्ये गाठली. ज्यांचा गुंतवणुकीचा मासिक हप्ता त्या काळातही चालू होता त्यांना तेवढ्याच पैशांत फंडाची अधिक युनिट, म्हणजे हिस्से, मिळाली. ज्यांना घरखर्चासाठी विकावे लागले त्यांचे नुकसान कायमचे झाले. राखीव निधी आधी उभारण्याचे कारण हेच.

संध्याकाळी शेअर निवडत बसण्याचा मोह होतो, पण सुरुवातीला त्यात फारसे हाती लागत नाही. वर्षभरात जमलेल्या रकमेवर 8 ऐवजी 10 टक्के परतावा मिळाला, तरी फरक तिच्या 2 टक्क्यांचाच. तीच बचत दहा टक्क्यांनी वाढवली तर फरक पाचपट. त्यामुळे पगारवाढ झाली की त्याच महिन्यात हप्ता वाढवून घ्यावा. आणि प्रत्येक खात्याला वारसाचे नाव लावले आहे ना, हेही तेव्हाच तपासावे.