नोकरी, एम.ए. आणि आपला छंद : या चुका टाळा

आमच्या अभ्यासकेंद्रावर प्रवेशाचा अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येक नोकरदाराला मी आधी एकच प्रश्न विचारतो : दसऱ्यानंतर तुमच्या कामाचा जोर कसा असतो? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. "सर, व्हई जाई (होऊन जाईल)," असं म्हणून ते फी भरायला खिडकीकडे निघतात. त्यांच्यातले निम्मे तरी हिवाळी परीक्षेच्या आधीच दिसेनासे होतात. ही मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात. वेळेची मोजणी चुकलेली असते, एवढंच. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पावसाळ्यातल्या फुरसतीवर अख्ख्या वर्षाचा हिशेब

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एरंडोलकडचा एक मुलगा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबाचं काम करायचा. एम.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा जिनिंग बंद होती. पाचला घरी, जेवणाआधी दोन तास अभ्यास, आठवड्यातून दोनदा तबल्याचा क्लास. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं, आणि दोन महिने त्यानं ते पाळलंही.

दसरा झाला आणि कापूस यायला लागला. काट्यावर ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी (मालाचा हिशेब) त्याच दिवशी व्हायला हवी, रात्री दहा-अकराशिवाय सुटका नाही. त्यातच दिवाळी, त्यातच असाइनमेंट जमा करायची तारीख, मागोमाग परीक्षा. त्यानं आधी तबला सोडला, मग झोप कमी केली. रजा मागायला शेठकडे गेला तो नेमका आवक सगळ्यात जास्त असलेल्या आठवड्यात. शेठ नाहीच म्हणणार होते. दोन पेपर न वाचता दिले, आणि संक्रांतीनंतर तो केंद्रावर आलाच नाही.

आपल्याकडे प्रत्येक धंद्याचा जोराचा काळ आधीपासून ठरलेला असतो. जिनिंगवाल्याला दसऱ्यापासून पुढचे तीन-चार महिने. सराफाच्या दुकानात धनत्रयोदशी, लगीनसराई आणि आखाजी (अक्षय्य तृतीया). बँकेत मार्चअखेर. एसटीत दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी. शिक्षकाला सहामाही-वार्षिकचे पेपर, शिवाय निवडणूक आली की तिची ड्यूटी. यातलं काहीही अचानक येत नाही. तरी दरवर्षी लोक माझ्यासमोर "सर, अचानक काम वाढलं" असं म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

माझी सवय अशी : फी भरायच्या आधी कालनिर्णय भिंतीवरून खाली उतरवायचं आणि तीन रंगांचे पेन घ्यायचे. एका रंगानं कामाचा जोर, दुसऱ्यानं घरचं कार्य, तिसऱ्यानं विद्यापीठाच्या तारखा. घरच्या रंगात कानबाई, आपला खानदेशातला देवीचा उत्सव, विसरू नका. नागपंचमीनंतरचा तो रविवार आणि सोमवारचं विसर्जन धरून ठेवा, सगळे भाऊबंद जमतात आणि त्या दिवसांत कुणी पुस्तक उघडत नाही, उघडूही नये. तिन्ही रंग एकमेकांवर चढलेले आठवडे दिसले की त्या आठवड्यांचा अभ्यास आधीच्या महिन्यात ओढायचा.

तो मुलगा पुढच्या वर्षी परत आला. या वेळी त्यानं असाइनमेंट नवरात्राच्या आत लिहून दिल्या. परीक्षेच्या रजेचं शेठच्या कानावर पोळ्याच्या सुमारास घातलं, तेव्हा जिनिंग शांत होती. शेठनी त्या दिवसांसाठी दुसरा माणूस बघून ठेवला. माणूस तोच, मालक तोच. सांगण्याची वेळ तेवढी बदलली होती.

तास न मोजणं

क्रेडिट म्हणजे नुसता गुणपत्रिकेवरचा आकडा, असं पुष्कळांना वाटतं. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे शिकण्याचे 30 तास धरले आहेत, तासिका आणि स्वतःचा अभ्यास मिळून. एका सत्रात 20 क्रेडिट घेतली तर 600 तास झाले. सहा महिन्यांचे 26 आठवडे धरा. आठवड्याला 23 तास पडतात. "रोज तासभर बसेन" म्हणणाऱ्याला आठवड्याचे सात मिळतात. उरलेले सोळा कुठून आणणार, हे कागदावर लिहिल्याशिवाय कुणीही प्रवेश घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. यूट्यूबवर दुप्पट वेगानं व्याख्यान ऐकून हे तास निम्मे होत नाहीत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड विकत घेणाऱ्यांना मी पास होताना पाहिलंय, पण पुढे त्याच विषयावर दोन वाक्यं बोलताना अडखळतानाही पाहिलंय.

अप-डाऊनच्या गाडीत अभ्यास होईल असं धरणं

भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणाऱ्याला बसायला जागा मिळते कधी? मिळाली तरी अर्ध्या तासात उतरायचं असतं. गाडीत फक्त वाचलेलं पुन्हा आठवावं. नवीन काही तिथे डोक्यात जात नाही.

छंद आधी सोडणं, किंवा छंदालाच प्रबंधाचा विषय करणं

वेळ कमी पडला की पहिला बळी छंदाचा जातो. अभ्यास संपल्यावर पुन्हा सुरू करू, असं म्हणतात. मी ज्यांना ज्यांना पाहिलं त्यांच्यात छंद सोडणाऱ्यांचा अभ्यास वाढलेला दिसला नाही, तो वेळ मोबाइलनं खाल्ला. छंदाला आठवड्यातला एक ठरलेला वेळ द्या, लहान असला तरी चालेल, आणि तो घरात सगळ्यांना माहीत असू द्या. रविवारी सकाळी भजनी मंडळात पेटी वाजवणारा एक बँक कर्मचारी माझ्याकडे होता. मार्चअखेरलाही त्यानं तो रविवार मोडला नाही, आणि सत्रही वेळेत पूर्ण केलं.

दुसरी चूक जास्त नाजूक आहे, कारण ती करताना आपण शहाणपण करतोय असं वाटतं. अमळनेरकडच्या एक शिक्षिका वर्षानुवर्षं आखाजीची गाणी गोळा करत होत्या. झोक्यावर बसलेल्या सासुरवाशिणींकडून, शेजारच्या आजींकडून, स्वतःच्या मावशीकडून. एम.ए.च्या प्रबंधाला त्यांनी हाच विषय घेतला, एका दगडात दोन पक्षी म्हणून. पुढे प्रत्येक आजी ही 'निवेदक', म्हणजे नुसती माहिती देणारी, झाली. गाणं चालू असताना बाईंचं लक्ष रेकॉर्डिंगकडे आणि वय-गाव-जात भरायच्या तक्त्याकडे. मावशी म्हणाली, "तू आता ऐकत नाहीस, लिहितेस." प्रबंधाला गुण चांगले पडले. पण त्यानंतरच्या आखाजीला त्या गाण्यांच्या बैठकीत गेल्याच नाहीत. छंदाच्या शेजारचा विषय घ्यावा, असं मी सांगतो. गाण्यांची आवड असेल तर बोलीतल्या नात्यांच्या शब्दांवर लिहा. गाणी तशीच आपली राहू द्या.

थोडक्यात सांगण्यासारख्या

एकाच वेळी दोन पदव्या. 2022 पासून नियमानं मुभा आहे, पण नोकरी असेल तर ती घेऊ नका.

मे महिन्यात पारा 44-45 वर असताना दुपारी अभ्यासाला बसणं. पहाटे पाच ते सात बसा, दुपारी झोपा.

पीडीएफ गोळा करणं. डाउनलोड केलेलं म्हणजे वाचलेलं नव्हे.

पीएचडीला नोंदणी करून मग साहेबांना सांगणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएचडीसाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. तीन वर्षांच्या आत ती होत नाही आणि साधारण सहा वर्षांत संपवावी लागते. हे गणित घरीही आधीच सांगा.

प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर शिक्षा नाही, म्हणून तेवढं उचलायला हरकत नाही असं समजणं. शिक्षा नाही म्हणजे उचलायची परवानगी आहे असं नव्हे.

सत्र हातातून जायला लागलं तर

इथे लोक गप्प बसतात, आणि ही गोष्ट मला फार खुपते. घरात आजारपण येतं, बदली होते, धंद्यात अडचण येते. मग लाज वाटून फोन उचलत नाहीत, आणि वर्षभरानं "सोडलं" एवढंच कळतं. सगळं सोडायची गरज क्वचितच असते. जेवढे पेपर तयार आहेत तेवढे द्या, बाकीचे पुढच्या परीक्षेला ठेवा. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मिळवलेली क्रेडिट साठवणाऱ्या तुमच्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. मात्र तुमच्या अभ्यासक्रमाला त्याआधीची मुदत आहे का, ते विद्यापीठात विचारून घ्या. परीक्षेचा अर्ज भरायची तारीख जायच्या आत केंद्रावर या, फोनवर विचारून थांबू नका. ओळखपत्र, मागची गुणपत्रिका आणि फीची पावती सोबत आणा. कोणते विषय पुढे ढकलायचे ते लेखी द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.