रक्तदान शिबीर घेताय? मग या चुका टाळा (आम्ही सगळ्या करून बसलोय)

आमच्या मंडळाचं रक्तदान शिबीर दरवर्षी असतं आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं आम्हाला एकच पडलेलं असायचं, बाटल्या किती झाल्या. शेजारच्या मंडळाच्या दीडशे झाल्या तर आपल्या दोनशे झाल्याच पाहिजेत. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारीख. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी नाहीतर साहेबांचा वाढदिवस. त्या दिवशी चार चौकांत चार मांडव, आणि रक्त म्हणजे काही लोणचं नाही बरणीत भरून ठेवायला. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर फक्त ५ दिवस, प्लाझ्मा तेवढा गोठवून वर्षभर राहतो. म्हणजे १५ ऑगस्टला धो धो जमवलेल्या लाल पेशी दिवाळीपर्यंत पोचतच नाहीत. आणि नेमकं दिवाळीत आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, निम्मं शहर गावाला, तेव्हा थॅलेसेमियाच्या पोरांचे आईबाप डोनर शोधत फिरत असतात, कारण त्या पोरांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना कुठली सुट्टी. म्हणून आधी रक्तपेढीला फोन करा, तुम्हाला कधी कमी पडतं आणि किती पिशव्या हव्यात ते विचारा, मग बॅनर छापायला टाका. आम्ही उलटं करायचो, बॅनर आधी.

दुसरं गिफ्ट. हेल्मेट, बॅग, एका वर्षी तर मिक्सरचा लकी ड्रॉ (हो, आम्हीच). त्यात वाईट काय असं वाटतं ना? पण मिक्सर दिसला की माणूस फॉर्मवर खरं लिहीत नाही. मागच्या महिन्यात काढलेला टॅटू, चालू असलेल्या गोळ्या, झालेली कावीळ, सगळं गपचूप. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी होते हे खरं, पण इन्फेक्शन अगदी ताजं असेल तर टेस्टमध्ये दिसत नाही, तिथे डोनरचं खरं बोलणंच कामाला येतं. पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंद झालं तेही याच कारणाने. चहा, बिस्किट, सर्टिफिकेट, बास झालं.

उपास! श्रावणी सोमवारी शिबीर ठेवलं होतं एकदा, पोरं सकाळपासून उपाशी, एक जण रक्त देऊन "मला काय होतंय" म्हणत उठला आणि बाईकला किक मारता मारता खाली. तेव्हापासून आम्ही दारातच पोहे ठेवतो, पोटात काहीतरी हवं आणि वर दोन ग्लास पाणी. दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, कितीही घाईत असला तरी. चक्कर आलीच तर भोवती गर्दी करू नका, तोंडावर पाणी मारत बसू नका, आडवं झोपवा, पाय उशीवर वर घ्या आणि डॉक्टरला हाक मारा. बहुतेक जण काही मिनिटांत ठीक होतात.

आता ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत, आणि त्यात बायका जास्त परत जातात. टेबलावरून मोठ्याने "ताई, तुमचं रक्त कमी आहे" असं सगळ्यांदेखत ऐकवलं की ती ताई पुन्हा येत नाही, शेजारणीलाही येऊ देत नाही. खरंतर बाईचं १२.२ असेल तर तो ॲनिमिया नाही, फक्त रक्त देण्याची मर्यादा थोडी वर आहे, एवढं बाजूला घेऊन शांतपणे सांगा. १२ च्या खाली असेल तर मात्र आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि डॉक्टरला दाखवायला सांगा. तिने रक्त दिलं नाही तरी शिबिराचा तिला उपयोग झालाच की.

वजन ४५ किलो, वय १८ पूर्ण, पुरुषांना ९० दिवसांचं आणि बायकांना १२० दिवसांचं अंतर, हे बॅनरवरच मोठ्या अक्षरात टाका. नेत्यांचे फोटो जरा बारीक करा, जागा होते. रांगेत तासभर उभं राहून परत जायला लागलं की माणूस वैतागतो.

आणि ते डोनर कार्ड. लोकांना वाटतं कार्ड म्हणजे आयुष्यभर फुकट रक्त. तसं नसतं, रक्ताची किंमत नसली तरी प्रोसेसिंगचा चार्ज लागतो. कार्डावर सवलत काय, किती दिवस, घरच्यांना चालतं का, हे रक्तपेढीकडून आधीच विचारून फॉर्मच्या टेबलावर लिहून लावा. आमच्याकडे कार्ड घेऊन रात्री दोन वाजता भांडायला आलेत लोक, रक्तपेढीशी नाही, मंडळाच्या अध्यक्षाशी, थेट घरी. यंदा आमचं शिबीर मेच्या दुसऱ्या रविवारी आहे, सकाळी आठ ते बारा, उन्हाच्या आत, आणि टार्गेट फक्त ६० चं.