प्रौढांच्या नागरिकशिक्षणाला गावाचा पाठिंबा कसा मिळवावा

‘लोकशाही शिक्षण’ या नावाने वर्ग जाहीर केल्यास दिवसभर राबून आलेली माणसे क्वचितच येतात. म्हणून आरंभ गावाच्या एखाद्या अडलेल्या प्रश्नापासून, उदाहरणार्थ पाणीपुरवठ्याच्या खर्चापासून, करावा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे अभ्यासगटांत गावकऱ्यांनी एकत्र बसून जंगलाचे प्रश्न व कायदे समजून घेतले, आणि २००९ साली त्या गावाला वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळाला.

आपणही दहा-बारा जणांचा गट करून ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मोठ्याने वाचावे, न कळलेल्या बाबी लिहून काढाव्यात आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये कागदपत्रे मागवावीत. बैठकीची वेळ महिला बचत गटांना विचारूनच ठरवावी. स्त्रियांना न जमणारी वेळ ठेवणे म्हणजे अर्धे गाव बाहेर ठेवणे होय, आणि माझ्या मते बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. सरपंचांना पहिल्याच दिवशी भेटून हेतू सांगावा, अन्यथा अभ्यासाकडे विरोधकांची खेळी म्हणून पाहिले जाते. पक्षाचा झेंडा बैठकीत नसावा. गटाला पडलेले प्रश्न पुढील ग्रामसभेत मांडावेत आणि त्याच सभेत वाचनासाठी पंचायतीची खोली मिळावी, असा ठराव मागावा.