होम लोन: एजंट धरायचा की सरळ बँकेत जायचं?

होम लोनच्या एजंटला, म्हणजे डीएसएला, कमिशन बँक देते आणि तेही लोन डिस्बर्स झाल्यावरच. त्यामुळे "सर आमची सर्व्हिस फ्री आहे" हे बहुतेक वेळा खरं असतं, पण ज्या बँकांशी त्याचं टायअप आहे त्याच तो दाखवणार, गोम तिथे आहे.

नोकरी असेल, सिबिल स्कोअर ७५० च्या वर असेल, बिल्डरचा प्रोजेक्ट बँकेने आधीच अप्रूव्ह केलेला असेल तर एजंटची गरजच नाही, सॅलरी अकाउंट असलेल्या बँकेत आणि अजून एका सरकारी बँकेत जाऊन विचारा.

धंदा असेल, आयटीआरमध्ये इन्कम कमी दाखवलंय, किंवा रिसेलचा फ्लॅट आहे आणि मधलं एखादं जुनं अ‍ॅग्रीमेंटच सापडत नाहीये, तर मात्र चांगला एजंट सोन्यासारखा, कारण असली फाईल कुठली बँक घेते आणि कुठली दारातूनच परत पाठवते हे त्याला पाठ असतं. फक्त त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच द्या की मला विचारल्याशिवाय कुठेही लॉगिन (म्हणजे बँकेत फाईल जमा) करायचं नाही, नाहीतर तो एकदम चार-पाच बँकांत फाईल टाकतो, प्रत्येक बँक सिबिल रिपोर्ट काढते आणि त्या सगळ्या एन्क्वायऱ्या रिपोर्टमध्ये दिसतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या नाही, ओटीपी तर नाहीच नाही, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा, "फक्त अमुक बँकेच्या होम लोनसाठी", खाली तारीख.

रेट कंपेअर करताना केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे लोनच्या मुख्य अटी आणि चार्जेसचा कागद) मागा, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो देणं बंधनकारक आहे, त्यात एपीआर असतो म्हणजे चार्जेस धरून खरा रेट. एजंट हाउसिंग फायनान्स कंपनीकडे वळवत असेल तर रेट कशाला लिंक आहे ते विचाराच, बँकांचं नवीन फ्लोटिंग लोन २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटसारख्या बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेलं असतं, कंपन्यांना तो नियम नाही.

आणि इन्शुरन्स! हा बँकवालेपण गळ्यात मारतात बरं का. दीड लाखाचा प्रीमियम लोनमध्येच अ‍ॅड केला तर ८.५ टक्क्यांनी २० वर्षांत तो तीन लाखांच्या वर जातो. कंपल्सरी आहे म्हणाले तर तसं लेखी मागा, सहसा कोणी देत नाही.

स्वतः गेलात तर फॉर्मवर सोर्सिंग किंवा डीएसए कोडचा रकाना असतो तो बघा, कधीकधी ब्रँचवालेच फाईल ओळखीच्या एजंटच्या नावावर टाकतात. रकाना रिकामा असेल तर बँकेचं कमिशन वाचलेलं असतं, म्हणून प्रोसेसिंग फी कमी करा म्हणून बिनधास्त मागे लागा.