ले-आउटला कुलपं लागायच्या आधी

विदर्भात शाळा जून संपता संपता उघडतात. म्हणजे एप्रिलअखेरपासून दोनेक महिने आपल्या ले-आउटमध्ये गल्लीगणिक दोन-तीन घरं बंद, आणि उरलेली माणसं कूलरपुढे नाहीतर गच्चीवर. कूलरच्या घरघरीत शेजारचा कोंडा तुटला तरी ऐकू येत नाही. म्हणून ही कामं एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात उरकायची.

आधी कूलरच बघा. खिडकीची जाळी काढून तो बसवला असेल, तर ढकलला की वाट मोकळी. गावाला जाताना काढून आत ठेवा आणि जाळी परत ठोका. गच्चीवर झोपणाऱ्यांनी खालच्या दाराला कुलूप लावून किल्ली उशाशी घ्यावी. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, गव्हाच्या कोठीत नाही. कोठी चोरालाही माहीत असते. दाराला बाहेरून लोंबणारं कुलूप नको, आतलं लॅच बसवा. पेपर बंद करा. चार दिवस अंगणात सडा नाही, कडुनिंबाचा पाला तसाच पडलेला, एवढं दिसलं की घर रिकामं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. शेजारच्या काकूंना दोन हात झाडू मारायला सांगा. मनालीचे फोटो परत आल्यावर टाका.

कॅमेऱ्यांवर आपण वर्गणी काढून खर्च केला, पण माझा त्यांच्यावर फारसा भरवसा नाही. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या चोरीत चोरांनी डीव्हीआरच, म्हणजे चित्रण साठवणारा डबाच, उचलून नेला. तो टीव्हीखाली नको, कपाटात कुलपात ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवा, आणि रात्री गेटवर गाडीचा नंबर खरंच वाचता येतो का ते एकदा बघा. चित्रण कोर्टात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा यंत्र कोणाच्या ताब्यात आहे हे आत्ताच ठरवा.

पोलीस ठाण्यात गावाला जाण्या-येण्याच्या तारखांचा अर्ज द्या आणि पोच घ्या. दुचाकीवरच्या बीट मार्शलांना, म्हणजे आपल्या चार्लींना, एकदा चहाला थांबवून बंद घरं आणि मागची बोळ दाखवा. नकाशावर ती बोळ नाही. अडचणीच्या वेळी 112, मग हद्द कोणाची ही चर्चा नंतर.

रात्री फिरणाऱ्या पोट्ट्यांना शिट्टी आणि टॉर्च द्या, काठी देऊ नका. कोणी खरोखर चोरी करताना सापडला तर विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. तसं कायद्यातच आहे. मारलं तर गुन्हा आपल्यावर. आणि भंगारवाला दुपारी आला म्हणून लगेच त्याला घेरायचं नाही, उन्हात तोही पोटासाठीच फिरतो.

एकटे राहणाऱ्या आजी-आजोबांना बसून सांगा: ‘पुढे दंगा झालाय, दागिने काढून पुडीत बांधा’ म्हणणारा पोलीस खरा नसतो. व्हिडिओ कॉलवर अटक करणाराही नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

कोण कधी गावाला, किल्ली कोणाकडे, ही यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुळीच नको. ग्रुपमध्ये घरं विकून गेलेले लोकही अजून आहेत. यंदा ती वहीत आहे, वही माझ्याकडे. 15 मेनंतर मीही अकोल्याला जाणार, तोवर कोणीतरी घेऊन जा.