प्री-मेडसाठी कॉलेज निवडताना हा प्रश्न विचाराच

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूल. 'प्री-मेड' ही फक्त त्याची तयारी. इतिहासात पदवी घेऊनही डॉक्टर होता येतं. जीव, रसायन, भौतिकशास्त्राचे ठरलेले कोर्स प्रयोगशाळेसह झालेले हवेत.

कॉलेजं अभिमानाने सांगतात, 'आमच्या बहुतेक मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो.' इथे थांबा आणि विचारा: कितीपैकी? काही कॉलेजांची समिती चांगले गुण असलेल्यांनाच शिफारसपत्र देते. बाकीचे अर्जच करत नाहीत आणि हिशेबातून गळतात. म्हणून पहिल्या वर्षी किती जणांना डॉक्टर व्हायचं होतं आणि शेवटी किती जणांनी अर्ज केला, हे विचारा. उत्तर टाळणारं कॉलेज मी तरी यादीतून काढेन.

मोठ्या नावासाठी कर्ज काढू नका. अमेरिकेत राहणाऱ्यांना स्वतःच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात फी बरीच कमी पडते, आणि पुढची मेडिकल स्कूलची चार वर्षं महागडी असतात.

भारतातून जाणाऱ्यांनी तर आधी हे पाहावं: ग्रीन कार्ड नसलेल्यांना तिथली अनेक मेडिकल स्कूल्स घेतच नाहीत.